आबांची टोपी आन ठमीची बाळंतखोली

आमची ठमी आबांच्या मिलिटरी टोपीत बाळंत झाली. मी सोडून घरातली सगळी सुखरूप हायत.

ठमी म्हंजे बॅन्टम कोंबडी. बुटकी जात, उंची तांब्याएवढी, माज म्हशीएवढा! आष्ट्याच्या बाजारातनं मी जोडीच आणलेली. कोंबडा मुंगसानं पळवला (पण जायच्या आधी गडी आपलं काम करून गेला!), म्हणून ठमीला गुपचूप माझ्या खोलीत घेतली.

आई म्हणाली, "आबांना दिसली तर रस्सा तिचा न्हाई, तुझा हुईल!"

आबा म्हंजे माझे वडील, रिटायर सुभेदार. आमच्या दारात चपला बी लाईनीत उभ्या असत्यात. तेवढ्यात ठमी खुडूक झाली, म्हंजे अंड्यांवर बसायचं येड लागलं. पोतं दिलं, पाटी दिली, माझी उशी दिली. बाईसाहेबांना कायबी पसंत न्हाई! शेवटी जुना स्वेटर हुडकायला मी माझ्या खोलीत ठेवलेली आबांची काळी ट्रंक उघडली, तर वरच त्यांची ती तिरपी लोकरी टोपी. मऊ, गरम, आन माप तर ठमीचंच! म्हटलं, आबा रिटायर, तवा टोपी बी रिटायर! टोपीत अंडी ठेवली, ठमी बसली, वारं जायला झाकणाखाली वीट लावली. काय डोकं चालवलं गड्या!

आन मग एक दिवस हेडमास्तर घरी आले. "सुभेदार, औंदा सव्वीस जानेवारीचा झेंडा तुमच्या हातनं!"

इतकी वर्षं दोरी सरपंच ओढायचे आन आबा खाली खुर्चीपाशी उभं राहून सलाम ठोकायचे. आता आबा नुसते फुलले! चिंच लावून मेडलं घासली. बुटात तोंड बघून मिशी कापली. मी ठमीच्या पाया पडलो, "माते, एवढी टोपी सोड." तिनं बोटच फोडलं.

झेंड्याच्या दिवशी सकाळी आबा कोट घालून तयार. "पव्या, ट्रंकंतनं टोपी आण."

"आवं आबा... फेटा बांधा की! लय भारी दिसतोय तुमाला."

"फेटा? माझं लगीन हाय व्हय रं?"

आई सयपाकघरातनं वरडली, "आवं, आदी च्या घ्या!"

"च्या नगं! तुमा मायलेकरांचं कायतरी शिजतंय!" आन आबांनी सरळ ट्रंक उघडली.

आतनं ठमीनं बघितलं. आबांनी बघितलं.

"पव्या, ह्ये काय हाय?"

"कोंबडी हाय."

"ती दिसतीया! खाली काय हाय?"

"...अंडी. आन त्येंच्या खाली तुमची टोपी."

आबांनी हात घातला. ठमीनं टोचलं! परत घातला, परत टोचलं! "ठमे, ऊठ!" मी वरडलो. तेवढ्यात तिच्या पंखाखालनं "चिवऽ" झालं. टोपीच्या बिल्ल्यापाशी एक ओलं, टकलं, लिंबाएवढं पिल्लू डोकं वर काढून आबांकडं बघायला लागलं.

माझी पाठ आपोआप रट्टा खायला वाकली.

"झाकण लाव," आबा हळूच म्हणाले. "ती ड्युटीवर हाय."

आन मग कोट, मेडलं, चकचकीत बूट, आन डोस्क्यावर माझी जांभळी माकडटोपी (दुसरी लोकरी टोपी घरात व्हतीच कुठं!) असे आबा शाळेत गेले. पोरं खी खी, सरपंच तर खोकायचं निमित्त करून वाकलेच! आबांनी ताठ मानेनं झेंडा फडकवला, सलाम ठोकला आन माईक धरला.

"माझी टोपी ड्युटीवर हाय! आमच्या कोंबडीनं एवढ्या थंडीत आपली जागा सोडली न्हाई. मी हात घातला तर मला बी टोचलं! ह्येला म्हणत्यात जवान! आन ह्यो आमचा पव्या..." सगळं गाव वळलं. "...ह्यो अभ्यासाला बसला की घटकाभरात उठतोय."

टाळ्या! लय टाळ्या! सगळ्यात जोरात आईच्या!

त्या दिवशी आख्खी शाळा पिल्लं बघायला आमच्या घरी. आबांनी सगळ्यांना लाईनीत उभं केलं. टोपी धुऊन, वाळवून परत ट्रंकंत गेली, आन ट्रंकंला कुलूप लागलं.

आता ठमी परत खुडूक झालीया. ह्या टायमाला माझ्या गाडीच्या हेल्मेटात! मी कॉलेजला यष्टीनं जातोय. तिला उठवायला गेलो व्हतो की एकदा.

आबांनीच टोचलं!