डावीकडं वर चढणारा किल्ट

मंडळी, आज आमच्या लोह्यातल्या शाळेत बँडच्या पोरींची मापं घेऊन आले. वेगळा जिल्हा मागायला रॅली निघणार हाय, त्यासाठी किल्ट शिवायचेत. किल्ट म्हणजे चौकड्यांचा, चुण्यांचा स्कर्ट.

सातवीतल्या पोरीला नमुन्याचा किल्ट घातला, तर तो डावीकडं वर चढून राहिला. पट्टा सारखा केला, तिला ताठ उभं केलं. तरी तेच. पुढच्या दोघींचंही तसंच.

"काकू, घागर रोज डाव्या कमरेवर असती," सातवीतली म्हणाली. "टँकर लई लांब थांबतो."

बँडच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाजूला कापड वाढवा. रॅलीत सरळ दिसलं म्हंजे झालं."

कापड वाढवीन मी. पोरीच्या कमरेच्या हाडाचं काय करू, सांगा.