माझ्या पोस्टखालचा माणूस

कॉमेंट लिहिण्याआधी तो उजवा अंगठा शर्टाच्या पोटावर घासून पुसायचा. दिवसभर कोंबड्यांच्या शेडमध्ये हिंडणारा माणूस, अंगठ्याला खाद्याची भुकटी लागलेली असायचीच. मग चष्मा कपाळावर चढवायचा, मोबाइल नाकाजवळ धरायचा, आणि मी समोर असलो तर विचारायचासुद्धा, "सर, एक जोडू का?" मी नको म्हटलं तरी तो जोडणार, हे आम्हा दोघांनाही माहीत असायचं.

तुमच्याही धंद्यात असा एखादा असेल, आठवून पाहा. स्वतः ओळभर पोस्ट लिहीत नाही, पण दुसऱ्याने लिहिलं की खाली हजर. जेवण आपण रांधायचं आणि वाढपी म्हणून यानं मिरवायचं. पंगतीला लक्षात राहतो तो वाढपीच.

मी नवापूरला पोल्ट्रीचा डॉक्टर. तोही डॉक्टरच, माझ्याच कॉलेजातून माझ्यामागून बाहेर पडलेला, म्हणून मला सर म्हणायचा. मूळचा शहाद्याकडचा, कळसाडीचा. घरी कापूस-उसाची बरी शेती, भाऊ ती बघायचा. नवापुरात आला तेव्हा त्याला एकही कोंबडीवाला ओळखत नव्हता. मला सगळे ओळखत, निदान माझी तशी समजूत होती.

पोल्ट्रीवाल्यांचा फेसबुकवर एक मोठा गट आहे. त्यात मी दर रविवारी लेख टाकायचो. पिल्लांची पहिली लस, खाद्यातली बुरशी, उन्हाळ्यातली मरतूक, असे विषय. जाड पुस्तकं उघडून सकाळभर बसायचो. बायको म्हणायची, "इतकं तर परीक्षेतही लिहिलं नसेल तुम्ही." पोस्ट पडली की थोड्या वेळात खाली त्याची कॉमेंट यायची. 'सरांचं अगदी बरोबर आहे. फक्त एक जोडतो.' आणि दोन ओळी. पाण्याच्या टाकीला चुना लावा. किंवा लस देण्याआधी पिल्लांना तासभर तहानलेलं ठेवा, म्हणजे लसीचं पाणी लगेच पितील. बस, एवढंच. माझ्या लेखाला आठ-दहा अंगठे, त्याच्या दोन ओळींना शेकड्यानं. खाली पुन्हा पन्नास जण विचारणार, 'डॉक्टरसाहेब, तुमचा नंबर?' साहेब म्हणजे तो.

मला राग यायचा. राग कसला, सरळ पोटात दुखायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी बायकोला रोज ऐकवायचो.

एकदा खांडबाऱ्याच्या एका शेडवाल्याला मी विचारलंच, "माझी रविवारची पोस्ट वाचली का?"

तो बिचारा खरं बोलला. "पोस्ट कोन वाची ऱ्हायनं, डॉक्टर? एवढी लांब ऱ्हास. आम्ही डायरेक खाले दखतस."

ती रीतच होती सगळ्यांची. वरची एक ओळ वाचायची आणि झर्रकन अंगठा खाली सरकवायचा. उत्तर खाली असतं, हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं.

तो फक्त माझ्याच पोस्टखाली असायचा असंही नाही. कोणी मुलीच्या निकालाचा फोटो टाकला, तर हा लिहिणार, 'ताईचं मनापासून अभिनंदन. दादा, मागे शेडच्या पत्र्यातून पाणी आत गळताना दिसतंय, तेवढं बघा.' वाढदिवसाचा केक असो, नवी मोटरसायकल असो, त्याची नजर मागच्या शेडवर. लोकांना याचं भारी कौतुक. फोटो काढताना काही जण मुद्दाम शेड मागे ठेवायला लागले, डॉक्टर फुकटात बघतील म्हणून.

म्हटलं, आपणही करून बघू. एकाने बैलजोडीचा फोटो टाकला होता, मागे त्याचं शेड. मी खाली लिहिलं, 'शेडची दिशा चुकीची आहे. बांधण्यापूर्वी तज्ज्ञांना विचारायला हवं होतं.' त्या माणसाने मला त्याच दिवशी ब्लॉक केलं. मी खरं तेच लिहिलं होतं. पण तेच या वाढप्याने लिहिलं असतं तर त्या माणसाने चहाला बोलावलं असतं, हेही खरं.

तशात सुरतकडच्या एका हॅचरीला, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या कंपनीला, या भागासाठी सल्लागार डॉक्टर नेमायचा होता. ती जागा मला हवी होती. लपवत नाही, फार हवी होती. दारोदार मोटरसायकल हाणून कंबर गेली होती, आणि एका मोठ्या नावाखाली आपलं नाव लागावं असं कोणाला वाटत नाही? त्यांच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी शर्टाचं वरचं बटण लावून उभा राहिलो.

"डॉक्टरसाब, आपकी पोस्ट हम लोग देखते हैं," तो म्हणाला. मी आनंदाने नुसतं जी जी करत होतो. "उसके नीचे जो साहब लिखते हैं ना, उनका नंबर मिलेगा?"

नंबर दिला. खोटं काही पटकन सुचलं नाही म्हणून दिला.

आणि त्याच संध्याकाळी मी माझ्या पोस्टवरच्या कॉमेंट बंद करून टाकल्या. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, अशातली गत. पण त्या दिवशी फार बरं वाटलं.

 चहाच्या टपरीवर तो भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, तुम्हना लेखखाले काही लिखाताच येत नही. मोबाइल बिघडना का मन्हा?" मी म्हटलं, फेसबुकने काही बदल केला असेल. त्याने मान डोलवली आणि माझ्या चहाचेही पैसे दिले.

मग थंडी पडली. रविवारी मी लेख टाकला, मथळा दिला, 'थंडीत पडदे बंद ठेवा'. शेडच्या बाजूंना जे पडदे असतात, ते रात्री लावले नाहीत तर पिल्लं गारठतात. पण दिवसा तेच पडदे वरून वीतभर उघडावे लागतात, नाहीतर खाली अंथरलेल्या ओल्या तुसातून अमोनिया वायू धरतो आणि पिल्लांचे डोळे जातात. हे सगळं मी लिहिलं होतं. चौथ्या परिच्छेदात. लोकांनी मथळा वाचला, अंगठा खाली सरकवला, खाली काहीच नव्हतं. पडदे लावले ते लावलेच.

त्या खांडबाऱ्याच्या शेडवाल्याचा फोन आला. "तुम्हीच लिखं ना, पडदा बंद ठेवा म्हनीसन? आते या दखा, पिल्लं डोया उघडत नहीत." मी तशीच मोटरसायकल काढली. माझं नाव त्या एका मथळ्यावर टांगलेलं होतं. एका शेडवाल्याची पिल्लं गेली की चार गावांत डॉक्टर गेला, असा आमचा धंदा.

मी पोचलो तर आमच्या कॉमेंटवाल्याची मोटरसायकल आधीच दारात, शेडवाल्याने त्यालाही फोन केला होता. आत तो पडदा वरून मोकळा करत होता, अमोनियाने डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेडवाला माझ्याकडे वळून तोंड सोडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "भाऊ, सरस्नी बठ्ठं लिखेल शे. चौथा पॅरा उघाड. तू वाचंच नही." आणि त्याने माझा परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला. माझे शब्द, माझा क्रम. 'परंतु' सुद्धा माझंच, तो स्वतः कधी परंतु म्हणायचा नाही.

शेडवाला वरमला. पिल्लं बहुतेक वाचली. आम्ही दोघे बाहेर येऊन तोंडावर पाणी मारत उभे राहिलो.

"तू माझं पूर्ण वाचतोस?" मी विचारलं.

"मंग? वाचाशिवाय जोडसू काय?" त्याला प्रश्नच कळला नाही.

मला त्या वेळी त्याच्याविषयी माया वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण खरं सांगू, जास्त करून जळफळाटच झाला. मलाच माझं लिहिलेलं इतकं पाठ नव्हतं.

घरी जाऊन मी कॉमेंट उघडल्या. त्याची कॉमेंट लगेच आली, जणू तो दाराशीच उभा होता. पण हॅचरीचं त्याचं तोवर ठरलं होतं. निघण्याआधी पेढे घेऊन आला. "सर, मी सुरतले जाई ऱ्हायनू. तुम्ही नंबर दिधा म्हनीसन जमनं." मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे काही बोलावं लागू नये.

वाटलं होतं, आता मैदान मोकळं. तो गेल्यावरही मी रविवारी लिहितो. आधी आठ-दहा अंगठे यायचे. लोक खाली बघायचे, खाली कोणी नसायचं, मग ते अंगठेही येईनासे झाले. मी काय लिहिलं आणि काय राहिलं, हे आता मला कोणी सांगत नाही.

परवा सहज त्याचं नाव शोधलं. तिकडच्या एका गुजराती गटात सापडला. कोणा डॉक्टरची भलीमोठी पोस्ट, आणि खाली त्याच्या दोन ओळी, गुजरातीत. मला गुजराती लिपी जेमतेम येते. अक्षर अक्षर लावत वाचलं. त्या डॉक्टरने शेवटच्या ओळीत लिहिलेलं काहीतरी धरून त्याने पुढे लिहिलं होतं.

त्या डॉक्टरचा फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. माझ्यापेक्षा तरुण आहे, गळ्यात स्टेथोस्कोप घालून हसतोय. आपलं लिहिलेलं शेवटपर्यंत कोण वाचतंय, याची त्याला कल्पनाही नसेल. मला त्याचा फार हेवा वाटतो.