बर्फावर चढायच्या पट्ट्या आणि माझी राख

माझा लेक म्हणाला, पोरगी एकटी बर्फात जाणार नाही. मी म्हणाले, मग मी जाते तिच्यासंगं. प्राजक्ता माझी नात, डेअरीत नोकरीला. बर्फावरच्या या शिबिरासाठी तिनं वर्षभर एक रजा घेतली नव्हती.

पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरनं घसरणारी माणसं तुम्ही टीव्हीवर बघितली असतील. हा प्रकार वेगळा. इथं वर न्यायला तारेवरचा पाळणा नसतो. आपल्याच पायांनी डोंगर चढायचा, मग घसरत उतरायचं. शेवटच्या दिवशी वरच्या कुरणापर्यंत जो चढेल त्यालाच पुढच्या शिबिरात घेणार होते. प्राजक्ताचा सगळा जीव त्यात.

आमच्या कसबा बावड्यातनं निघालो. रेल्वेनं दिल्ली, बसनं मनाली, पुढं जीपनं वरचं गाव. घाटात निम्मी बस ओकते. लिंबू जवळ ठेवा. जेवायला राजमा-भात मिळतो. तिथली माणसं ज्याला तिखट म्हणतात ते आमच्याकडं बाळंतिणीलाही चालेल. मी चटणी नेलती म्हणून निभावलं.

शिकवणारा देवराज तिथलाच, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं घसरायचं नावच काढलं नाही. छातीला बांधायचं यंत्र दिलं. बर्फ कोसळून कोण गाडलं गेलं तर दुसऱ्याच्या यंत्रावर त्याची जागा कळते. मग फावड्यानं खड्डा खणून बर्फाचे थर दाखवले. आतला थर भुसभुशीत असला तर त्या उतारावर जायचंच नाही, म्हणाला. माणूस मला पटला.

चढताना फळीवर टाच मोकळी असते, उतरताना अडकवायची. चढायला फळीच्या तळाला लांब पट्टी चिकटवतात. तिची एक बाजू चिकट, दुसरीला केस. म्हशीच्या पाठीवर हात फिरवून बघा, एकीकडं गुळगुळीत, उलटा फिरवला की अडतो. तसंच हे. फळी पुढं सरकते, मागं येत नाही. मीही सपाटीवर फळ्या घालून बघितल्या. दहा पावलं चालले नि बसले. उठवायला तिघं लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राजक्ताच्या पट्ट्या खोलीत वाळत होत्या. चिकट, कचरा लागलेल्या. मला घाण बघवत नाही. तेलकट भांड्याला लावतो तशी शेगडीची राख घेतली आणि चोळून चोळून स्वच्छ केल्या.

सकाळी, म्हणजे शेवटच्या दिवशी, पट्ट्या फळीला धरेनात. प्राजक्तानं बोट फिरवलं, बोटाला राख लागली.

"आज्जे, तो डिंक होता की गं."

एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

देवराजकडं जादा जोडी नव्हती. दोन रबरी पट्टे होते, ते पुरेनात. मी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ टराटरा फाडला. आम्ही वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा बांधतो तसा पीळ देऊन शेवट आत खुपसला. गाठ नाही. ओला झाला की जास्तच आवळतो. प्रत्येक फळीला तीन ठिकाणी बांधलं.

देवराजनं तिला लहान चढावर चारदा वर-खाली करायला लावलं. मग म्हणाला, सैल झालं तर तिथनंच परत फिरायचं, रडायचं नाही. व्हय म्हणाली.

मी खाली चहा घेऊन बसले. सात ठिपके वर गेले. एक ठिपका मधेच थांबला, वाकला, पुन्हा निघाला. चहा थंड झाला तरी हातातच होता. दुपारी ती उतरली, तीनदा पडत, नाक लाल.

"कुरणापातूर गेलतो," म्हणाली. "एकदाच आवळायला लागलं."

देवराजनं तो पीळ माझ्याकडनं दोनदा बांधून घेतला.

घरी येऊन महिना झाला. प्राजक्ताचं पुढच्या शिबिराचं ठरलंय. बाप कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. पावण्यारावळ्यांना ती सांगते, आज्जीनं बांधलं म्हणून मी वर गेलो. आधी राख कुणी चोळली ते तिनं आजवर कुणाला सांगितलं न्हाय.

म्हणून मीच लिहिलं. तुम्ही जाणार असाल तर चिकट बाजूला हात लावू नका. आणि संगं एक जुनं लुगडं असू द्या.