चादरीवर उठलेली फुलं

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी फोटोग्राफीच्या सरांनी प्रोजेक्टसाठी एकच ओळ दिली होती : सपाट कागदावर खोली दाखवा. वर्गातल्या बहुतेकांनी सावल्या, रेल्वेचे रूळ, नाहीतर लांबलचक बोळ निवडले. मला त्यात आणखी एका बोळाची भर घालायची नव्हती. मी कुठंतरी वाचलं होतं की दोन डोळ्यांत असतं तेवढं अंतर ठेवून एकाच गोष्टीचे दोन फोटो काढायचे आणि प्रत्येक डोळ्याला त्याचा त्याचा फोटो दाखवायचा, मग चित्र कागदातून उठून उभं राहतं. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, मोबाइल होता. तेवढ्यावर भागेल असं वाटलं.

मी मंगळवेढ्याची. सोलापुरात एका विणकराच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. घर तेलुगू बोलणारं. काका एका चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होते आणि काकू घरी बसून विड्या वळायच्या. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला गेली होती, त्यामुळे घरात बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला बघितलं की काकू आधी तेलुगूत सुरू करायच्या आणि मग मराठीवर यायच्या.

पहिला प्रयोग दारातच केला. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, म्हणून गल्लीत प्रत्येक दारापुढं निळे ड्रम. आमच्या दारात तीन होते. कट्ट्यावर लाकडी पट्टी चिकटवली, तिला मोबाइल टेकवून एक फोटो घेतला, मग साडेसहा सेंटिमीटर सरकवून दुसरा. ड्रमांच्या पलीकडं काकू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या.

दोन्ही फोटो कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणले आणि पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवले. आता हे बघायचं कसं? डोळे तिरळे करून दोन चित्रं एकमेकांवर आणायची, असं वाचलं होतं. दोन दिवस डोळे फिरवून कपाळ दुखायला लागलं. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हाही मी तेच करत बसले होते.

"डोळं असं का करतीस गं?" आई म्हणाली.

"अभ्यास हाय, आई."

"कॉलेजात डोळं फिरवायला शिकवत्यात व्हय? राहिलं तसंच तर कोण करून घेईल?"

शेवटी चपलेच्या खोक्याला दोन भोकं पाडली, त्यात शाळेच्या साहित्याच्या दुकानातली दोन भिंगं बसवली आणि मधे पुठ्ठ्याचा पडदा लावला. त्यातून बघितलं आणि ड्रम एकदम पुढं आले. पहिल्या ड्रमाची कडा इतकी जवळ आली की मी हात पुढं केला. काकूंचा चेहराही मागं नीट बसला होता. फक्त त्यांचे हात विरघळल्यासारखे दिसत होते, कारण दोन क्लिकच्या मधे त्यांनी अर्धी विडी वळून टाकली होती. त्यांना म्हटलं, काकू, दोन मिनिटं हात थांबवा ना. त्या म्हणाल्या, "हाताला विचार बाई, तो माझं कुटं ऐकतोय."

जानेवारीत दोन दिवस घरी गेले तेव्हा ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. मी पाखरं राखायच्या माळ्यावर चढून फोटो काढले. रान लांबवर पसरलेलं, म्हणून दोन फोटोंच्या मधे चांगली दोन पावलं सरकले. छापून खोक्यातून बघितलं तर आमचं अख्खं रान खेळण्यातल्यासारखं दिसायला लागलं. लांबचं लिंबाचं झाड बोटभर, त्याखाली उभे असलेले वडील मुंगीएवढे. पुढच्या खेपेला खोका घेऊन गेले आणि वडिलांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळे लावले आणि म्हणाले, "एवढंसं रान आसतं तर राखायला बरं पडलं आसतं."

मी खूश होते. प्रोजेक्ट झाल्यात जमा, असंच समजत होते.

मंगळवेढ्याहून परतले तो काकांच्या सुट्टीचा दिवस होता. ते दारात पेपर वाचत बसले होते. मी ड्रमांचा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि खोका आणायला वर गेले. खाली आले तर ते पुठ्ठा हातभर लांब धरून बघत होते.

"काकूचे हात असे काय आलेत?" त्यांनी विचारलं. "बाकी ड्रम चांगला बाहेर आलाय की."

मी पायरीवरच थांबले. "काका, तुम्हाला खोक्याशिवाय दिसतंय?"

"खोका कशाला?"

"मला अजून जमलं नाही हे. तुम्ही कुठं शिकलात?"

काकांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. काकू आत भाकरी करत होत्या, तिकडं एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "शिकलो कुटं न्हाय. माझ्या डोळ्यात दोष हाय. कुणाला बोलू नको."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मागावर उभं राहून तास-दोन तास झाले की समोरच्या चादरीतली फुलं हलायची आणि हळूहळू कापडाच्या वर उठून यायची, अधांतरी. मान हलवली की परत कापडात बसायची. वीसेक वर्षं हे चाललं होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा ते घाबरून माग बंद करून बाहेर येऊन बसले होते. डोळे गेले तर मागावर कोण ठेवणार, म्हणून मालकाला सांगितलं नाही, डॉक्टरला दाखवलं नाही, काकूंनाही नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोरीवर वाळत घातलेली चादर दाखवली. "काका, या चादरीवर एकसारखी फुलं ओळीनं आहेत. तुमचा एक डोळा या फुलाकडं बघतो आणि दुसरा शेजारच्या फुलाकडं. दोन्ही फुलं सारखीच, त्यामुळं मेंदूला वाटतं की हे एकच फूल आहे. म्हणून तो ते दुसऱ्याच अंतरावर नेऊन ठेवतो. मी हे फोटो काढून करते तेच तुम्ही चादरीवर करता."

"म्हंजे रोग न्हाय?"

"नाही. उलट दोन्ही डोळे चांगले असल्याशिवाय हे दिसतच नाही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. जेवताना त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. तेलुगूत बोलणं चाललं होतं, तरी काकू कशावर रागावल्या ते मला कळलं. नंतर मला म्हणाल्या, "एवढी वर्षं एका ताटात जेवतोय, आणि हे आज सांगतायत." दुसऱ्या दिवशी त्याच त्यांना डोळे तपासायला घेऊन गेल्या. जवळचा नंबर थोडा वाढला होता, बाकी काही नव्हतं. तेव्हापासून काका माझ्या प्रोजेक्टची चौकशी रोज करायला लागले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. आत मागांचा इतका आवाज की तोंडाजवळ कान नेला तरी काही ऐकू येईना. खुणांनीच त्यांनी मला मागासमोर उभं केलं. आठवडाभराच्या सरावानं मलाही आता थोडंफार जमत होतं. थोड्या वेळात लाल फुलांच्या ओळी कापडावरून सुटल्या आणि वीतभर वर येऊन थांबल्या. तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत मी म्हटलं, "काका, एक तयार चादर आडवी धरून बघितलीय का कधी? म्हणजे लांबीकडची बाजू डोळ्यांसमोर आडवी येईल अशी. डोळे शेजारशेजारचीच फुलं जुळवतात, त्यामुळं मागावर तुम्हाला फक्त रुंदीतलीच फुलं तपासता येतात."

"तशी कशाला बघंल कोण?"

आम्ही नुकतीच उतरलेली एक चादर दारातल्या उजेडात आडवी ताणून धरायला दोन कामगारांना उभं केलं. काका समोर उभे राहिले, डोळे लावले आणि पुढं जाऊन चादरीच्या मधोमध हात ठेवला. "हितली फुलं खाली गेल्यात."

मीही बघितलं. बाकीची फुलं एका पातळीवर तरंगत होती आणि मधला पट्टा पायरी उतरल्यासारखा मागं गेला होता. काकांनी खिशातून टेप काढून मोजलं. त्या पट्ट्यात दोन फुलांमधलं अंतर तीन मिलिमीटरनं कमी होतं. एरवी नुसतं बघून कुणाच्या लक्षात आलं नसतं. मागांची दुरुस्ती करणारा जॉबर आला, त्यानंही टेप लावून बघितलं आणि लाईट यायच्या आत कापड गुंडाळणारा रोलर उघडून बसला. रोलरचा एक दाता झिजला होता, म्हणून तिथं कापड कमी सरकलं होतं.

"तुला कसं कळलं?" जॉबरनं काकांना विचारलं.

"दिसतंय मला," काका म्हणाले. त्यात लपवाछपवी अजिबात नव्हती.

त्याच दुपारी मी माझा प्रोजेक्ट बदलला. लाईट नव्हती, माग थांबलेले होते, त्यामुळे काका दोन्ही क्लिकला मागावर हात ठेवून स्थिर उभे राहिले. काकूंपेक्षा त्यांना ते सोपं गेलं. तेच दोन फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवले. प्रदर्शनात एका बाजूला ती जोडी खोक्यासकट लावली आणि दुसऱ्या बाजूला ती दोष असलेली चादर आडवी टांगली. जमिनीवर खडूनं रेघ मारली, इथं उभे राहा म्हणून.

काका-काकू दोघंही आले. काकू नवी साडी नेसल्या होत्या. चादरीपुढं उभं राहून त्या कापड बोटानं चाचपत होत्या आणि एका मुलीला सांगत होत्या की ही आमच्या माणसानं विणलीय. सर खोक्यातून फोटो बघून खूश झाले, पण चादरीपुढं पाच मिनिटं उभे राहूनही त्यांना काही दिसेना. ते कंटाळून पुढं निघाले तेव्हा काका मधे आले.

"सर, घाई करू नका. बोट नाकासमोर धरा. चादरीकडं नाही, बोटाकडं बघा. आता बोट तसंच ठेवा आणि मागं फुलं काय करत्यात तिकडं नुसतं लक्ष असू द्या."

सर बोट धरून उभे राहिले. आमच्या वर्गातली पोरं हसायला लागली, तसं काकांनी वळून बघितलं आणि ती गप्प झाली. बराच वेळ गेला.

"अरे," सर हळूच म्हणाले. "मधला पट्टा मागं गेलाय."

"व्हय," काका म्हणाले. "रोलरचा दाता गेला होता."

सर तिथून हलेनात. मागं बघायला आलेल्यांची रांग थांबली होती. काकांनी त्यांना हातानं जरा दम धरायची खूण केली आणि सरांच्या शेजारी ते स्वतःही चादरीकडं बघत उभे राहिले.