प्लास्टिकखालच्या रिकाम्या ओळी

हाशिमचाचांचं नाव आधी घेते. त्यांच्यामुळे मी भिवंडीत टिकले. एवढं लिहिलं की पुढचं लिहायला हात धजेल असं वाटतं. कारण पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी उदगीरकडची. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, आणि नवऱ्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामापायी इतक्या लांब आले. पहिले सहा महिने तर मी गप्पच असायची. इथे मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपतं, आणि माझं बोलणं ऐकून बायका हसायच्या. चाचा आमच्या चाळीसमोर राहायचे. त्यांचे स्वतःचे आठ लूम होते, पण मोहल्ल्यात त्यांची ओळख होती ती त्यांच्या काळ्या रेक्झिनच्या पिशवीमुळे. कुणाचा पासपोर्टचा फॉर्म, कुणाचा जन्माचा दाखला – सगळ्यांचे कागद त्या पिशवीतून ठाण्या-मुंबईला जायचे आणि नीट परत यायचे. त्यांनीच मला झेरॉक्सच्या दुकानात लावलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर माझ्याकडून एबीसीडी गिरवून घ्यायचे. ज्याला फॉर्म वाचता येतो त्याला कुणी फसवत नाही, म्हणायचे.

त्यांची नाझनीन अमेरिकेत कापडाचं शिक्षण घेत होती. लूमवाल्याची मुलगी, आणि धागा शिकायला सातासमुद्रापार! पहिल्या वर्षानंतर ती सुट्टीत घरी आली. दुकानात येऊन माझ्याशी बोलत उभी राहायची, 'सुनंदाभाभी' म्हणायची, आणि मी तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची. ही तिकडे जाऊन आली. ही पुन्हा जाणार.

एक दिवस चाचा एकटेच आले. पिशवीतून दोन्ही हातांनी एक कागद काढला. म्हणाले, नाझनीनच्या कॉलेजचा आहे. व्हिसाची मुदत संपली, नवा घ्यायचा तर हा दाखवावा लागतो. परत तिकडे उतरली की तिथेही हाच. मागच्या बाजूला ओळी होत्या. पहिल्या ओळीत निळ्या शाईची बारीकशी सही होती, खालच्या ओळी रिकाम्या. मुलगी घरी यायला निघाली की दरवेळी कॉलेजातला साहेब एका ओळीवर सही करतो, म्हणजे ही आमचीच आहे, हिला परत आत घ्या.

मी तो कागद हातात धरला आणि – कसं सांगू? आमच्याकडे लेक एकदा गेली की गेली. माहेरी यायचं तर सासरच्यांच्या तोंडाकडे बघायचं. आणि इथे एक कागद, ज्यावर आधीच ओळी आखून ठेवल्यात: ही जाईल, येईल, पुन्हा जाईल. इतक्या वेळा!

"दोन झेरॉक्स काढ बेटी," चाचा म्हणाले. "घडी पाडू नको. बस, दुसरं काही नाही."

ते नमाजला गेले. माझ्या बाजूला लॅमिनेशनचं मशीन तापलेलं होतं. आम्ही काय काय घालायचो त्यात! मार्कशीट, जातीचा दाखला, मेलेल्या माणसाचा फोटो. जपायचं म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायचं, एवढंच मला ठाऊक. या कागदाहून मोलाचं काय असणार? चाचांना माझ्याकडून काहीतरी द्यावं, असंही मनात होतं. कागद आत गेला आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन, गरम, बाहेर आला. मी तो पाकिटात घालून झेरॉक्ससोबत दिला. चाचांनी न उघडता पिशवीत ठेवला. माझ्यावर विश्वास होता ना.

मुंबईच्या वकिलातीत खिडकीवरच्या माणसाने तो परत केला. वरून काही चढवलेला कागद चालत नाही, सही-शिक्का खरा की खोटा कळत नाही, कॉलेजातून नवा मागवा. कॉलेज उघडायला पंधरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी चाचा आणि नाझनीन दुकानात आले. आमच्या दुकानाच्या शेठने ब्लेडने कोपरा सोडवून पाहिला, तर प्लास्टिकबरोबर निळी सहीच निघून आली. शेठ माझ्याकडे वळले. हे कुणी सांगितलं होतं?

इथे मी थांबते आहे, कळतं मला. गोल गोल फिरते आहे.

त्या वर्षी चाचा विसरायला लागले होते. चष्मा, कारखान्याची किल्ली, कधी चहा घेतला की नाही. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी म्हणाले –

"चाचांनीच सांगितलं होतं. लॅमिनेशन कर म्हणून."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या फाटलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बोललो असेन. हल्ली ध्यानात राहत नाही."

नाझनीनचे डोळे भरले होते, तरी ती हसली. "अब्बा, तुम्ही पण ना! उद्या मलाच प्लास्टिकमध्ये घालाल."

नवा कागद उशिरा आला. नाझनीनचं एक सत्र बुडालं. ती जानेवारीत गेली, आणि तोवर घरात स्थळं येत राहिली, चाचा एकेकाला चहा पाजून परत पाठवत राहिले. ती गेली, शिकली. पण पिशवी? घरच्यांनी ती काढून घेतली. आता कागद हाताळू नका म्हणाले. मोहल्ल्यानेही देणं बंद केलं. आणि चाचांना स्वतःला खात्री पटली, की आपण सांगितलं आणि विसरलो. त्यानंतर ते सुट्टे पैसेसुद्धा दोनदा विचारून घ्यायचे. खरंच खात्री पटली होती का त्यांची? की त्यांना 'बस, दुसरं काही नाही' आठवत होतं, आणि तरीही –? एवढी मोठी गोष्ट एक माणूस इतक्या हळू आवाजात अंगावर घेतो.

नोकरी जाईल म्हणून बोलले, असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. शेठने फार तर चार शिव्या घातल्या असत्या.

चाचा अजून आहेत. ओट्यावर बसतात, मला बघून हात वर करतात. मी आता फॉर्म सरसर वाचते, लोक विचारायला येतात. ती पिशवी त्यांच्या कपाटावर आहे, मी पाहिली आहे. एक दिवस, नाझनीन घरी असताना, सगळ्यांसमोर मी त्या दुपारचे त्यांचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवीन. आणि मग माझ्या स्वतःच्या घरातला एखादा कागद – मुलीचा दाखलाच – त्या पिशवीत घालून ती त्यांच्या खांद्यावर देईन.