ताईला कुणी तपासलं नाही

माझी थोरली बहीण निफाडकडच्या एका गावात लोकांच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. बरोबरच्या बायका म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा खा. गावातल्या डॉक्टरांनी हात न लावताच गोळ्या दिल्या. त्या खाऊन ती वर्षभर बागेत उभी राहिली.

मला कळलं ते माझ्या मुलाच्या लग्नात. हळदीच्या दिवशी सकाळी मी उठले, तर ती मोरीत चादर धूत होती आणि पाणी लाल होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "लग्नघर हाय. आत्ता नको." दिवसभर ती सगळ्यांना वाढत राहिली.

लग्न उरकल्यावर मी तिला आमच्या नाशिकमधल्या, द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासायला तुकडा काढून पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला.

दाजींना बोलावून घेतलं. "हे होतं कशानं?" त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. एक विषाणू असतो, तो संबंधातून येतो. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातोही. काहींच्या शरीरात तो टिकून राहतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला पुढे कितीतरी वर्षं जातात. तेवढ्या काळात एकदा तपासलं असतं तर वेळेवर सापडलं असतं. कुणाकडून आला हे सांगता येत नाही, त्यात कुणाचा दोष काढू नका.

दाजींच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला, संबंध. संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी ताईला विचारलं, "कुठून आणलं हे तू?"

दाजी पिकअप चालवायचे. हंगामात द्राक्षं घेऊन परराज्यात जायचे ते कित्येक दिवस परतायचे नाहीत. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "मी घरातून बागंत अन् बागंतून घरात. तिसरी जागा मला तरी ठाव नाय. तुमाला ठाव असंल तर सांगा."

ते उठून निघून गेले. मी दारापर्यंत मागे गेले. मलाही त्यांना काही विचारायचं होतं. पण ताईने माझं मनगट धरलं. "माझी पोरगी त्यांच्याच घरात हाय," ती म्हणाली.

उपचारांसाठी ती माझ्याकडेच राहिली. रेडिएशनचा शेक घेऊन आली की खिडकीजवळ पडून राहायची. अन्नाचा वास नको वाटायचा.

त्याच दिवसांत परदेशात स्थायिक झालेल्या माझ्या नणंदेचा फोन आला. ती हळहळली. "वहिनी, इकडे मुलींना शाळेतच लस देतात. बायकांनाही ठरावीक वर्षांनी तपासणीला बोलावतात. इकडे हा आजार फार कमी झालाय गं." तिने चांगल्या मनानेच सांगितलं. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

फोन स्पीकरवर होता, ताईने ऐकलं होतं. "कोण बोलावतं त्यांना?"

"सरकार."

ती म्हणाली, "आपल्याला बी बोलावलं होतं की. पोरगी झाल्यावर, ऑपरेशनला. गाडी दारात आली होती. लय बाया होतो आम्ही, जमिनीवर वळीनं झोपवलेल्या. टाके घालून परत घरी सोडलं." ती छताकडे पाहत होती. "तवा एवढे डाक्टर जमले होते. मूल बंद करायला जमले होते, ते झालं. बाईच्या बाकीच्या अंगाशी त्यांना काय करायचं होतं?"



ताई दिवाळीच्या आधी गेली. दहाव्याला दाजी येईल त्याला सांगत होते, पोटाचा आजार होता. मी शेजारीच बसले होते. कॅन्सर हा शब्दसुद्धा तिच्या वाट्याला येऊ दिला नाही त्यांनी.

तिची मुलगी तेव्हा बारावीला होती. तिला लस देऊन घेऊ, असं मी दाजींना म्हटलं. ते म्हणाले, "तिला कशाला? माझी पोरगी तसली नाय."

"आणि ताई कसली होती, दाजी?"

ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. वर्ष व्हायच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं, त्यांच्याहून पुष्कळ लहान बाईशी. मी गावात गेले तेव्हा तिला बाजूला घेतलं आणि एकदा तपासून घे, असं सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मला कुठं काय झालंय, मावशी? उगंच लोक काहीबाही बोलतील." तिचं वय तिशीच्या आसपास असेल. ताई त्या वयात असंच म्हणाली असती.

भाची आता नाशिकला कॉलेजात आहे, माझ्याकडेच राहते; घरात नवी बाई आल्यावर दाजींनीही अडवलं नाही. लस आम्ही दोघींनी गुपचूप घेऊन टाकली, म्हणजे टोचली तिला, सोबतीला मी. दंड दुखत होता तेव्हाच तिच्या वडिलांचा फोन आला. ती म्हणाली, "काय नाय पप्पा, बसमध्ये हात आपटला." फोन ठेवून ती पुस्तक उघडून बसली. आईने आजार लपवला होता, आणि मुलीला औषध लपवावं लागत होतं. मी तिला जेवायला वाढलं.