गोधडी पांघरलेला बंब

आमच्या वस्तीवरच्या पहिल्या सौर बंबाचे पाणी पहाटेपर्यंत गार का होते, याची कारणे मी त्या हिवाळ्यात अनेकांना समजावून सांगितली. दव, धुके, उत्तरेचा वारा, टाकीचा पातळ पत्रा. त्यांतले एकही कारण खरे नव्हते. खरे कारण मी होतो. संध्याकाळी घरात कोणी नसताना त्या टाकीतले गरम पाणी मी स्वतःच्या अंगावर घेत होतो आणि तेवढेच विहिरीचे गार पाणी वर ओतून ठेवत होतो. तीस वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही.

पिंपळगाव बसवंतच्या पुढे, महामार्गापासून थोडे आत आमचा द्राक्षांचा मळा होता. घरात आम्ही चौघे: आई, दादा, वहिनी आणि मी. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षे असतील. मी नाशिकजवळ अंबडच्या एका लहान कारखान्यात पत्राकामाला होतो. पहिली पाळी असल्यामुळे अंधारातच घर सोडायचो आणि दुपार कलताना परत यायचो.

आमच्याकडे तांब्याचा बंब होता. तो पेटवण्याचे काम वहिनींचे. आईचा एक नियम होता आणि त्यात सवलत नव्हती: अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही. बंब मात्र अंगणात असल्यामुळे त्याला हा नियम नव्हता. म्हणून वहिनी पहाटे चारला उठत, थंडीत अंगणात बसून बंबात छाटणीच्या काड्या आणि तुराट्या घालत, धूर डोळ्यांत घेत, आणि पाणी तापले की पहिली अंघोळ त्यांची होई. मग चूल पेटे, मग आमचा चहा. निफाडकडची थंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पौषातल्या पहाटे चार म्हणजे काय ते सांगायला नको. वहिनी बागलाणातल्या. माहेरची बोली त्यांनी सासरी आल्यावर बाजूला ठेवली होती, पण बंबाशी मात्र त्या तिच्यातच बोलत, आणि ते बोलणे फारसे प्रेमाचे नसे.

कारखान्यात एकदा उपाहारगृहासाठी सौर बंब बसवला गेला. त्याच्या टाकीचे सांधे मी जोडले होते. उन्हाने तापलेले पाणी नळातून येताना पाहून मी हरखून गेलो. साहेबांच्या परवानगीने भंगारातले जस्ती नळ आणि पत्रा आणला, जुन्या खिडकीची काच मिळवली, काळा रंग फासला, आणि चार रविवार खपून न्हाणीघराच्या धाब्यावर तसाच एक संच उभा केला. दादाला तो पटला याचे कारण वेगळे होते. कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबाग वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या लावाव्या लागत. बंबात जाणाऱ्या काड्या वाचल्या तर त्या बागेला होतील, असा त्याचा हिशेब. त्याच आनंदात त्याने तांब्याचा बंब आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी देऊनही टाकला. परतीची वाट उरली नाही.

वहिनींनी त्या दिवशी फक्त एवढेच विचारले, "म्हणजे भावजी, उद्यापासून मी पाचला उठायचं?"

"साडेपाचला उठा, वहिनी," मी म्हणालो. "नळ सोडायचा आणि अंघोळ करायची."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. त्या अभिमानातच मी एक नियम जाहीर केला: पाणी दिवसभर तापते, ते पहाटेसाठी राखायचे. संध्याकाळी त्याला कोणीही हात लावायचा नाही. फवारणीच्या मोरचुदाने निळे झालेले हात घेऊन दादा बिचारा विहिरीवर गार पाणी ओतून घेऊ लागला. नियम त्याने पाळला, आईने पाळला. मोडला तो मी.

पहिल्या दिवशी मी खरोखर तपासणीसाठीच नळ सोडला होता. चारच्या सुमारास पाणी हात भाजेल इतके तापलेले असे. अंगावर लोखंडाची पूड, हातांवर ग्रीस, घरातली सगळी माणसे बागेत. मी एक बादली घेतली. मग म्हटले, डोक्यालाही तेल लागले आहे, आणखी एक. तीन बादल्या झाल्यावर विहिरीवरून पाणी आणून शिडीने वर चढवले आणि टाकी पूर्ववत भरली. दुसऱ्या दिवशी तपासणीचे निमित्तही लागले नाही.

पहाटे टाकीतून जेमतेम कोमट पाणी येऊ लागले. आई आणि दादा उठेपर्यंत चूल पेटलेली असे, त्यामुळे त्यांच्या बादलीत तपेलीभर उकळते पाणी ओतले की भागे. मी तर पहाटे तोंड धुऊनच निघत असे. चुलीच्या आधी अंघोळ करणारे माणूस घरात एकच होते. हे गणित मला तेव्हा कळत नव्हते असे मी आज म्हणू शकत नाही. मी ते मांडायचे टाळले, इतकेच.

उलट मी दोष शोधत राहिलो. रविवारी टाकीभोवती भाताचे तूस भरलेली पोती बांधली. त्यावर पेंढा लावला. दादा खालून पाहत म्हणाला, "लय थंडी वाजती का रे तिला? काढा देऊ का?" वहिनी आत गेल्या आणि स्वतःची गोधडी घेऊन आल्या. माहेरच्या लुगड्यांची, त्यांच्या आईने शिवून दिलेली. त्यांनी ती मला वर दिली आणि म्हणाल्या, "नीट गुंडाळा. कान झाका तिचे."

"अन् आपण काय पांघरायचं?" दादाने विचारले.

"तुमच्या शेकोटीच्या काड्या," वहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो. जिचा काही उपयोग नव्हता ती गोधडी हातात असताना मी हसू शकलो, याचे मला अजून नवल वाटते.

आमच्या वस्तीवर दहाबारा घरे होती, आणि प्रत्येक न्हाणीघरापाशी चर्चा सुरू झाली. शेजारच्या मळ्यातल्या काकू या चर्चेच्या प्रमुख. त्यांचा पहिला आक्षेप राखेचा होता. "बंब नाय पेटला तर राख कुठून आणायची? भांडी काय उन्हानं घासायची?" दुसरा आक्षेप असा की यात नवे काहीच नाही. "लेकराच्या अंघोळीला आम्ही घंगाळ उन्हात ठेवतच होतो की. त्याला कोणी कारखान्यात गेलं नव्हतं." पण तिसरा प्रश्न खरा होता, आणि तो त्यांनी मला न विचारता वहिनींना विचारला. बायकांना ठाऊक होते की यंत्र पुरुषांचे असले तरी पहाट आपली आहे.

"खरं सांग," काकू विहिरीवर म्हणाल्या, "पहाटेला पाणी तापलेलं राहतं का?"

मी तेव्हा शिडीजवळ तूस भरत होतो. माझा हात थांबला.

"हात पोळतो, काकू," वहिनी म्हणाल्या. "रोज विसण घ्यावं लागतं." विसण म्हणजे फार गरम पाण्यात मिसळायचे गार पाणी. माझ्याकडे न पाहता त्यांनी घागर उचलली आणि गेल्या.

तेव्हापासून बायका एकेक करून त्यांनाच विचारत, आणि त्या प्रत्येकीला तेच सांगत. धाकट्या दिराने बनवलेल्या वस्तूची वस्तीभर शोभा होऊ नये, म्हणून ही बाई पहाटे गार पाण्याने न्हात होती आणि विसणाच्या गोष्टी सांगत होती. मला तेव्हा वाटले, कदाचित त्यांना कोमट पाणी चालत असेल. माणूस स्वतःला किती सहज समजावतो!

शेवटी काकूंनी जाहीर केले की येत्या रविवारी पहाटे त्या स्वतः येऊन नळाखाली हात धरणार. पाणी गरम निघाले तर त्यांचे घर तयार, आणि काकू तयार म्हणजे वस्ती तयार. गार निघाले तर सगळ्यांनी आपापले तांब्याचे बंब घासून ठेवावेत.

शनिवारी मी कामावरून आलो. एरवी त्या वेळी बागेत असणाऱ्या वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. विहिरीच्या कठड्यावर रिकामी बादली, माझा पंचा आणि साबणाची नवी वडी ठेवलेली होती.

"भावजी," त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "आजच्या दिवस विहिरीवर करा अंघोळ. उद्या बाया यायच्यात."

त्यांनी दार उघडून दिले होते. मला फक्त आत पाऊल टाकायचे होते. मी म्हणालो, "मी रोज विहिरीवरच करतो की, वहिनी."

त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "हो का," त्या म्हणाल्या. "मग बरंय."

मी विहिरीवर गेलो. पाण्याचा पहिला तांब्या पाठीवर पडला तेव्हा तोंडातून जो आवाज निघाला, तो ऐकून गोठ्यातल्या बैलाने मान वळवली. ग्रीस काही निघाले नाही. काळ्या हातांनीच मी जेवायला बसलो, आणि दादा म्हणाला, "आज पाणी नव्हतं का विहिरीला?" वहिनींनी त्याला भाकरी वाढली.

पहाटे काकू चार बायकांसह कंदील घेऊन आल्या. धाब्यावर गोधडी पांघरलेली टाकी पाहून एकीला हसू आवरेना. "अगं, ही तर बाळंतीण दिसती!" काकूंनी पदर खोचला, नळ सोडला, हात धरला आणि किंकाळी फोडून मागे घेतला.

"आई गं! हिनं सांगितलं ते खरंय की!"

मग प्रत्येकीला हात भाजून घ्यायचा होता. एकीने तोंड धुतले, एकीने पाय धुतले. "बास, बास," वहिनी ओरडल्या, "मला ठेवा थोडं!" दाराआड उभा राहून मी ते ऐकले. त्या सगळ्या हास्यात ते एकच वाक्य गंमत नव्हती, हे मला एकट्याला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते.

बायका गेल्यावर न्हाणीघरातून वाफ येऊ लागली, आणि वाफेबरोबर बागलाणी बोलीतले एक गाणे. आई म्हणाली, "आज हिला काय झालं?" वहिनी बाहेर आल्या तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत लाल झाल्या होत्या. चूल पेटवता पेटवता त्या म्हणाल्या, "आज अंघोळ झाली." आई आणि दादा यांच्यासाठी ते रोजचे वाक्य होते.

त्या दिवसापासून मी त्या पाण्याला हात लावला नाही. होळीपर्यंत सहा घरांवर संच चढले, पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्या वस्तीवर. काकूंनी राखेचा प्रश्नही सोडवला, चुलीची राख चाळून. लोक मला इंजिनेर म्हणू लागले. माझा दोष मी थांबवला आहे, म्हणजे तो फिटला, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. पुढे नाशकात घर झाले, लग्न झाले, आणि ती समजूत इतकी जुनी झाली की तिच्यात बसणे सोयीचे वाटू लागले.

गेल्या दिवाळीत आम्ही सारे मळ्यावर जमलो होतो. घरावर आता काचेच्या नळ्यांचा विकतचा संच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या पुतण्याची नवी बायको, उटण्याची वाटी हातात घेऊन, विचारत होती की पूर्वी इतक्या थंडीत तुम्ही कसे करायचे. वहिनींची आता साठी उलटली आहे. थंडीत त्यांची बोटे आखडतात. चुलीजवळ हात शेकत त्या सांगू लागल्या, गोधडीची गोष्ट, काकूंची किंकाळी, बैलाने वळवलेली मान. सगळे हसत होते. मग त्या म्हणाल्या, "पण भावजींचा बंब पहिल्या दिवसापासून असा तापायचा, पोरी, काय सांगू. एक दिवस गार पाणी घेतलं नाय मी."

तीस वर्षांनंतरही त्या माझ्यासाठी विसण मिसळत होत्या, आणि समोर त्यांची आखडलेली बोटे होती.

"वहिनी, हे खरं नाही," मी म्हणालो.

दादाने चहाची बशी खाली ठेवली.

"राहू द्या, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "साबणाची वडी रोज काळी व्हायची. मला तेव्हाच कळलं होतं."

"तुम्हाला कळलं होतं, पण मी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. या वेळी मी थांबलो नाही. "तो सबंध हिवाळा तुमच्या वाटणीचं पाणी मी घेतलं. तुम्ही मला बोलायची संधी दिलीत, तेव्हा तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही गार पाण्यानं न्हालात आणि नाव माझं राखलंत. माझं चुकलं, वहिनी. मला क्षमा करा."